बटाट्याचं ऊन

नाटकमंडळीत त्याला सगळे उजेडकाका म्हणत. उभी हयात रंगमंचावर दिवे लावण्यात गेली. पहाट हवी? घ्या पहाट. भर दुपार हवी? समोरचे प्रेक्षक कपाळ पुसायला लागतील अशी दुपार! त्यामुळे परगावच्या नोकरीवर निघालेली लेक आपलं कासव त्याच्या स्वाधीन करत म्हणाली, "बाबा, याला घरातल्या घरात ऊन लागतं बरं का," तेव्हा त्याला हसूच फुटलं.

"मला ऊन शिकवतेस?"

"तसं नाही, बाबा. त्या खोक्यात दोन दिवे आहेत. एक उबेचा आणि दुसरा..."

"गाडी चुकेल तुझी," तो म्हणाला, आणि खोकं पायानेच पलंगाखाली ढकललं.

कासवाचं नाव बटाट्या. रूपही नावाला साजेसं. उजेडकाकाबरोबर त्याची थोरली बहीण राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, सगळ्यांची ताई. तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहुण्याला न्याहाळलं. "हा दगड आहे. पोरीने फसवलंय तुला."

त्याने खिडकीशी मोठी लाकडी पेटी मांडली, त्यात माती पसरली आणि वर आपले रंगमंचावरचे सोबती लटकवले: नव्या धर्तीचे तीन दिवे, पुढे नारिंगी कागद. असं सोनेरी ऊन पडलं की पत्र द्यायला आलेला पोस्टमन दारातच थबकला. "वा!" म्हणाला.

बटाट्या काही वा म्हणाला नाही. त्याने मुंडी आत घेतली ती घेतलीच. उजेडकाकाने गुलाबी पहाट लावून पाहिली, तांबूस संध्याकाळ लावून पाहिली. पुढ्यातली पानं वाळली, पण प्रेक्षक ढिम्म. मग एका सकाळी उचलून पाहिलं तर डोळे मिटलेले, पाय गार आणि लुळे. कासवाला स्वेटरमध्ये गुंडाळून उजेडकाका थेट प्राण्यांच्या दवाखान्यात धावला.

डॉक्टरीणबाईंनी कवच दाबून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं. "दिवे कसले लावलेत?"

"एकदम नवे!" तो अभिमानाने म्हणाला. "तासन्‌तास चालले तरी हाताला गरम लागत नाहीत."

"इथंच घोडं पेंड खातंय. काका, तुमचं ऊन दिसतं, पण लागत नाही. याचं अंग आपोआप तापत नाही, बाहेरूनच ऊब घ्यावी लागते. पेटीच्या एका टोकाला शेकायला कडक ऊब द्या, दुसरं टोक गार राहू द्या. कुठे बसायचं ते तोच ठरवेल. आणि अतिनील किरणांचा दिवाही हवा, नाहीतर कवच मऊ पडतं."

"खिडकीतून ऊन येतं की!"

"काच ते किरण अडवते. आणि रात्री सगळं बंद. त्यालाही झोप असते."

तो घरी आला आणि गुडघे टेकून पलंगाखालचं खोकं ओढलं. लेकीने दिलेले दोन्ही दिवे त्यात होते. मग मात्र त्याने कामाला हात घातला तो हाडाच्या कारागिरासारखा. उबेचा दिवा पडू नये म्हणून साखळीने टांगला, खाली चपटा दगड ठेवला, दोन्ही टोकांना तापमापक लावले. दगड पुरेसा तापेपर्यंत दिवा बोटबोट खालीवर केला. बटाट्याला रोज कोमट पाण्यात बसवलं. दोनचार दिवसांनी बटाट्या दगडावर चढला, चारी पाय ऐसपैस पसरले आणि सुट्टीवर गेलेल्या कारकुनासारखा पडून राहिला. नंतर उठून अख्खं पान फस्त केलं. उजेडकाकाने टाळ्या वाजवल्या.

पण आनंद फार टिकला नाही. दुपारी फेरफटका मारून आला, की दगड गार आणि बटाट्या कोपऱ्यात रुसलेला. त्याने वायर बदलली, बटण बदललं, वीज कंपनीला शिव्या घातल्या. दिवा दरवेळी थोडा तिरका कसा होतो, हे काही केल्या कळेना.

एकदा फिरायला निघाला आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. बघतो तर काय! ताई आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलेलं, आणि खुर्चीच्या पाठीला बांधलेला उबेचा दिवा थेट तिच्या गुडघ्यावर. चेहऱ्यावर तीच बटाट्याची तृप्ती.

"ताई! तू? अगं, ते मुकं जनावर!"

"मुकं आहे म्हणूनच तक्रार करत नाही," ताई जागची हलली नाही. "त्याचं रक्त थंड, आणि माझं काय उकळतंय? या थंडीत गुडघा करवतीसारखा वाजतो माझा. तापमापक लावलास कधी माझ्या खोलीत?"

कासवाच्या पेटीत कुठे किती ऊब आहे हे उजेडकाकाला झोपेतही सांगता आलं असतं. ताईची खोली गार आहे, हे त्याने आज प्रथम ऐकलं.

"सांगायचं नाही का?" तो हळूच म्हणाला.

"दगडाने कुठे सांगितलं होतं? त्याचं बरं कळलं तुला."

त्याने दिवा परत साखळीला लावला आणि तसाच बाजारात गेला. येताना शेकायचा वेगळा दिवा आणि जाड पडदे आणले. ताईच्या खिडकीच्या फटी बुजवल्या, तिची खुर्ची पेटीच्या शेजारी मांडली, नवा दिवा गुडघ्यापासून हातभर लांब नेमका बसवला. "जास्त जवळ घेऊ नकोस, भाजेल."

"हो डॉक्टर," ताई म्हणाली आणि विणकाम काढलं.

दुपारचे फेरफटके त्याने बंद केले. तिघंही खिडकीशी बसू लागली. ताई बटाट्याला पानं भरवी आणि शाळेतल्या वांड पोरांचे किस्से सांगे. "हा वर्गात शेवटच्या बाकावरचा," असं तिचं ठाम मत झालं होतं.

थंडी सरल्यावर लेक आली. पेटी बघून तिने बाबांच्या गळ्यात हात टाकले. "किती छान ठेवलंत! आता नेते मी याला."

"नेतेस?" ताईने सुया खाली ठेवल्या. "अगं, त्याचं तिथे कोण आहे?"

"मी आहे की, आत्या!"

"तू दिवसभर कामावर. एकट्याने जेवायचं का त्याने?"

लेकीने बापाकडे पाहिलं. उजेडकाका तापमापक पुसण्यात भलताच गढला होता.

"बरं, राहू दे," ती हसून म्हणाली. "पण मी येईन हं दर सुट्टीला."

"येताना कोवळी पानं आण," ताई म्हणाली. "बाजारातली त्याला निबर लागतात."