पेंढ्याचं रेडकू

पेंढ्याचं रेडकू पुढ्यात उभं केल्याशिवाय चंद्री म्हैस पान्हा सोडत नसे. ते काम भागूबाईचं. पहाटे आणि दुपारी चारला ती कोपऱ्यातलं रेडकू एका हातानं उचलायची, त्याच्या पाठीला मिठाचं पाणी चोळायची आणि चंद्रीच्या तोंडाशी ठेवायची. वर चंद्री चाटत राहायची, खाली चरवीत धार वाजायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला चंद्री गाभडली. दिवस भरायला महिना होता, रेडकू मेलेलंच पडलं. भागूबाईच्या नवऱ्यानं, कडुबानं, त्याचं कातडं सोलून, मीठ लावून वाळवलं, आत पेंढा ठासला, पायांच्या जागी चार काठ्या बसवल्या आणि पोट दाभणानं शिवलं. डोळे काही लावले नाहीत. "तिला वासानं कळतं," तो म्हणाला, "डोळे कुणाला दाखवायचेत?"

सोमवारी पहाटे ते रेडकू भागूबाईला एका हातानं उचलवलं नाही.

"आवो, ह्याच्यात पाणी गेलं का काय?"

"म्हातारी झालीस तू."

"अन् काल नव्हते व्हय?"

तिनं दाभणाचे दोन टाके उसवून आत बोटं घातली. पेंढा कोरडा ठणठणीत होता, चुरचुरत होता. तिनं टाके पुन्हा घातले. मंगळवारी रेडकू आणखी जड झालं. बुधवारी ते दोन्ही हातांनी ओढत न्यावं लागलं आणि शेणामातीत काठ्यांच्या चार रेघा उमटल्या.

त्याच बुधवारी शहरात गारखेड्याचा रतीब घालून कडुबा परत आला आणि मोटारसायकलवरून कॅन सोडता सोडता म्हणाला, "मृण्मयीताईच्या पोरीला ताप हाय. रोज दिवस मावळतीला चढतो, सकाळी उतरतो. पोरगी लई वाळली म्हणत्यात. उचलली तर कापसावानी लागती."

भागूबाईनं चरवी खाली ठेवली. तिला जे ठाऊक होतं ते कडुबालाही ठाऊक नव्हतं.

महिन्यापूर्वी अन्न खात्याचे संघपाल साहेब आले होते. सुट्टं दूध विकणाऱ्यांच्या नोंदी करत ते बायपासच्या कडेनं गोठोगोठी फिरत होते. त्यांनी ते रेडकू पाहिलं आणि वही मिटली.

"मावशी, ही म्हैस गाभडलेली दिसते. अशा जनावराच्या दुधातून माणसाला आजार होतो. तपासणी होईपर्यंत हिचं कच्चं दूध विकायचं नाही."

त्या वेळी मृण्मयीताई तिथंच होती. ती गारखेड्यात राहायची, एका कंपनीत नोकरी करायची. दर रविवारी ती आपल्या चार वर्षांच्या चारुताला गोठ्यावर आणायची. पोरीच्या हातात स्टीलचा पेला असायचा. पेल्यात चंद्रीची धार थेट पडायची आणि पोर ते फेसाळ दूध उभ्यानं पिऊन टाकायची. मग रेडकाच्या शेजारी जाऊन बसायची. चंद्री रेडकू चाटता चाटता पोरीचेही केस चाटायची, आणि तेवढ्यानं तिला दुसऱ्यांदा पान्हा फुटायचा. मृण्मयीताई फोटो काढायची.

"साहेब, पिशवीतलं दूध मेलेलं असतं," ती संघपालला म्हणाली होती. "माझ्या मुलीनं काय प्यायचं ते मी ठरवीन. सरकारनं कशाला मध्ये यायचं?"

"तुम्हीच ठरवा, मॅडम. पण काय पितोय ते कळल्यावर ठरवा. मी एवढ्यासाठीच आलोय."

"मग तपासा. अहवाल आला की बोलू."

संघपालनं बाटली काढली. भागूबाई पुढं झाली. "परक्या माणसाला ती लाथ मारती, साहेब. तुमी भाईर थांबा, मी भरून देते." ती आत गेली आणि चंद्रीच्या पलीकडं बांधलेल्या दुसऱ्या म्हशीच्या चार धारा बाटलीत काढून घेऊन आली. घडायला एवढंच घडलं होतं. चंद्री गेली असती तर गारखेड्याची पाच घरं गेली असती, आणि ती घरं गेल्यावर गोठ्यात राहिलंच काय असतं?

पंधरा दिवसांनी अहवाल आला, दूध निर्दोष. मृण्मयीताईनं त्या कागदाचा फोटो शेजारणींनाही पाठवला.

भागूबाईच्या सासूनं तिला एक सांगून ठेवलं होतं. पेंढ्याच्या रेडकावर काढलेलं दूध तीन उकळ्या आणल्याशिवाय कुणाच्या ओठाला लावायचं नाही. कारण सासूनं सांगितलं नाही, भागूबाईनं विचारलं नाही. पण तिच्या घरात तीन उकळ्या चुकल्या नाहीत. दुसऱ्याच्या पेल्याकडं मात्र तिनं काणाडोळा केला होता.

गुरुवारी दुपारी तिनं रेडकाला हात घातला. ते हललंच नाही. चंद्री दाव्याला ताण देऊन उभी होती, पण रेडकाकडं बघत नव्हती. गारखेड्याच्या दिशेनं मान करून ती हळू, घशातल्या घशात रेकत होती. पोटचं रेडकू लांब गेल्यावर म्हैस रेकते तशी. आणि रेडकू पुढ्यात नसताना, कुणी हात न लावता, तिच्या सडांतून दूध ठिबकत होतं.

भागूबाईनं चरवी पालथी घातली. "मला गारखेड्याला सोडा," ती कडुबाला म्हणाली.

"आत्ता? धार कोण काढंल?"

"धार निघालीया. बघा की."

कडुबानं बघितलं आणि मोटारसायकलला किक मारली.

मृण्मयीताईनं दार उघडलं तेव्हा दिवस कलला होता. पोर गादीवर निजली होती. गाल बसले होते, मनगटं काडीएवढी झाली होती. भागूबाईची नजर तिच्या कपाळावर गेली. पुढचे केस ओले होते आणि सगळे एका अंगाला, खालून वर चापून बसले होते.

"घाम येतो हो संध्याकाळी," मृण्मयीताई म्हणाली. "आठ दिवस घराबाहेर पडली नाही."

भागूबाईनं चाळीस वर्षं जनावरं सांभाळली होती. घामानं केस कसे चिकटतात आणि जिभेनं कसे बसतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"ताई, ती बाटली चंद्रीची नव्हती," ती म्हणाली.

"कुठली बाटली?"

"तपासणीची. दुसऱ्या म्हशीचं दूध भरलं मी. चंद्रीचं कुणीच तपासलं न्हाई. पोरीला दवाखान्यात न्या, डाक्तरला सांगा, गाभडलेल्या म्हशीचं कच्चं दूध पोटात गेलंय."

"मी भांडले त्या माणसाशी," मृण्मयीताई म्हणाली. "माझी मुलगी, माझी निवड, असं म्हणाले."

"तुमी निवडलंच न्हाई, ताई. मी खोटं भरलं, तवाच निवडून ठिवलं होतं."

"आधी इथून जा तुम्ही," मृण्मयीताई म्हणाली आणि पोरीला उचलायला वाकली.

रस्त्यावर उभं राहून भागूबाईनं कडुबाच्या फोनवरून संघपालला सगळं सांगितलं. कडुबा ऐकत होता.

रविवारी सकाळी मृण्मयीताईचा निरोप आला. रक्तात तोच आजार निघाला होता, औषध लांबणार होतं, पण आदल्या संध्याकाळी ताप चढला नव्हता. भागूबाई उठली आणि गोठ्यात गेली. गुरुवारपासून तिनं रेडकाला हात लावला नव्हता. पोटाखाली दोन्ही हात घालून तिनं सगळा जोर लावला आणि मागं धडपडली. रेडकू फुलासारखं वर आलं होतं. पेंढा, कातडं, चार काठ्या. त्यात दुसरं काही नव्हतं.

चंद्रीनं मान वळवली. ती आता गारखेड्याकडं बघत नव्हती. तिनं खडबडीत जीभ बाहेर काढली आणि भागूबाईचं मनगट चाटलं. मग कोपर चाटलं. सावकाश, हाड न् हाड ओळखत असल्यासारखं. आणि तिच्या सडांतून दूध ठिबकू लागलं.

भागूबाईनं हात ओढून घेतला. महिनाभर तिचे सांधे दुखत होते. संध्याकाळ झाली की अंगात कणकण यायची. वयाचं म्हणून तिनं ते अंगावर काढलं होतं. दूध ती उकळूनच प्यायली होती, पण चंद्रीला आणि त्या कातड्याला रोज तिचेच उघडे हात लागत होते.

संघपाल साहेब दहाच्या सुमारास चंद्रीला वेगळं बांधायला माणूस घेऊन आले. भागूबाई दारात उभी होती. तिनं पदर सावरला आणि बाही वर केली.

"साहेब, म्हशीचं मागनं बघा," ती म्हणाली. "आधी माझं रगात घ्या. अन् बाटली तुमच्या हातानं भरा."