रेकॉर्डवरचं हसू

ताईचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. डोक्यावरचे केस गेले तरी ती त्याला छोटूच म्हणायची. जॅझचं वेड मुळात त्याचं. ताईला सुरुवातीला ते जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखं वाटे. मग एका रविवारी त्याने तिला जवळजवळ ओढतच मैफलीला नेलं. ड्रमवाला तारेच्या ब्रशने ड्रम हलकेच घासत होता आणि बासच्या जाड तारा छेडणारा डोळे मिटून त्याच्या लयीमागे चालला होता. घरी आल्यावर दाराशी चपला काढताना ताई एवढंच म्हणाली, की पुढच्या वेळी पुढची खुर्ची धर.

तेव्हापासून रविवारी मैफल आणि एरवी संध्याकाळी रेकॉर्डी, असा दोघांचा शिरस्ताच पडला.

एकदा छोटूने एक जुनी रेकॉर्ड आणली. एका ट्रम्पेटवादकाची मैफल होती ती, ताईच्या जन्माच्याही आधीची. एका संथ धुनेत ट्रम्पेट ओळीच्या मध्येच थांबतो. सभागृह चिडीचूप. त्या शांततेत एक बाई हसते, अगदी थोडंसं, आणि शेवटी तिचा श्वास अडकतो. मग ट्रम्पेट ओळ पुरी करतो.

छोटूने सुई उचलली. ते हसू ताईचं होतं.

“म्हणजे मी जन्माला यायच्या आधीपासूनच आगाऊ होते म्हणायची,” ताई म्हणाली, पण तिचं तोंड उतरलं होतं. पुन्हा लावली तरी तेच. श्वाससुद्धा तसाच अडकत होता.

पुढे काही महिन्यांनी तोच ट्रम्पेटवादक, आता पार थकलेला, त्यांच्या नेहमीच्या सभागृहात वाजवायला आला. भर दुपारची मैफल. ताई पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल दाबून बसली. ती धून सुरू झाली तसा छोटू मंचाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

ट्रम्पेट थांबला. हसू आलं.

ताई हसली नव्हती; तिने रुमाल तसाच घट्ट दाबून धरला होता. हसू पियानोच्या पलीकडून आलं होतं, आणि तिथे कोणीच नव्हतं. बाकी लोकांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हाताऱ्याने मात्र त्या बाजूला किंचित मान झुकवली आणि ओळ पुरी केली.

मैफल संपल्यावर दोघं मंचामागच्या खोलीत गेले. म्हातारा फडक्याने ट्रम्पेट पुसत होता. छोटूने आडवळण न घेता विचारलं, की मध्येच हसतं ते कोण. म्हाताऱ्याने सांगितलं, की त्या जागी त्याची बायको हसायची. तिला चिडवायलाच तो तिथे थांबायचा. रेकॉर्ड झाली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. तरी त्या दिवशी ती हसली, आणि त्यानंतर प्रत्येक मैफलीत हसत आली. आजवर दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नव्हतं, रेकॉर्डवरही नाही.

“पण माझ्यासारखं का हसते ती?” ताईने विचारलं.

तिचा आवाज ऐकताच म्हाताऱ्याचे हात थांबले.

“एकदा हसून दाखवाल?” तो म्हणाला.

ताईला हसायचं नव्हतं. तिने छोटूचा हात धरला, दातांवर दात दाबले. तरी तिच्या तोंडून ते हसू आलंच. छोटूला शेजारी उभ्या उभ्या दिसलं, की ताईने श्वास केव्हाचा रोखलेला आहे. म्हातारा फडक्यात तोंड खुपसून रडत होता.

घरी आल्यावर त्यांनी रेकॉर्ड लावली. ट्रम्पेट थांबला, आणि मग नुसती शांतता. कोणी हसलं नाही.

त्यानंतर ताई त्या म्हाताऱ्याच्या मैफलींना जाऊ लागली, गावोगावी, दुकानाला कुलूप लावून. एकदा छोटूही सोबत गेला. ताई बरोबर त्या जागी हसली, आणि त्यापुढे म्हातारा असं काही वाजवून गेला, की छोटूने तसं कुठल्याच रेकॉर्डवर ऐकलं नव्हतं.

परतताना बसमध्ये त्याने हिय्या करून विचारलं, “ताई, तिथे तू हसतेस की ती?”

“आधी कळायचं,” ताई म्हणाली.

ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी त्याला दिली आणि विचारलं, की पुढच्या मैफलीला येतोस ना. तो हो म्हणाला. तिला एकटीला पाठवायचा त्याला आता धीर होत नव्हता.