चौथ्या सुरानंतर

“अजून वर ढकल.”

“तार आहे ही, कपाट नाही,” मी म्हटलं.

“म्हणूनच सांगतोय. वर.”

हे खाटेवर, मी समोर स्टुलावर आणि मांडीवर ह्यांची इलेक्ट्रिक गिटार. तिसऱ्या बोटाने तार वर ढकलली की सूर चढतो आणि नेमक्या जागी पोचला की अंगावर काटा येतो. जरा अलीकडे राहिला, तर मात्र दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखा वाटतो. पहिले पंधरा दिवस आमच्या घरात मांजरच होतं.

बोटं दुखली का, असं सगळे विचारायचे. नाही दुखली. एकवीस वर्षं मी सोफे शिवतेय. मेण लावलेला दोरा डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळून ओढायचा, गादीचं बटण आत रुतेपर्यंत. त्या बोटांना गिटारची तार काय करणार! उलट दुसऱ्याच आठवड्यात एक तार मीच तोडली. ह्यांना इतकं हसू आलं की तोंडाची वाकडी बाजूही जराशी हलली.

आजार मागच्या वर्षीचा. एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या डाव्या हातातून आरसा पडला, आणि तो उचलायला हात खाली गेलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलताना दम लागायला लागला. चालणं परत आलं, काठीने का होईना. डाव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत, आणि गिटारवर सूर धरायचे ते त्याच बोटांनी. हे कारखान्यात लेथवर होते. पण कुणी काय करता असं विचारलं, की आधी गिटार सांगायचे, मग लेथ.

कारखान्यातल्या तिघांचा बँड होता. ड्रमवर ठोक्या. तो पत्र्याच्या प्रेसवर होता, त्यामुळे निम्मा बहिरा. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, मनात ठोक्याच. बेस गिटारवर स्टोअरकीपर भाऊजी. जुन्या कामगारांचा मेळावा दरवर्षी कँटीनमध्ये भरतो, त्यात शेवटचं गाणं ह्यांचं. संथ, उदास चालीचं ब्लूज, आणि मध्ये ह्यांनी स्वतः रचलेली लिक. लिक म्हणजे गिटारवाल्याचा छोटासा तुकडा, त्याच्या सहीसारखा. ह्यांची अकरा सुरांची. ती आली की कँटीनवालासुद्धा हातातलं पातेलं घेऊन दारात येऊन उभा राहायचा.

यंदा मेळाव्याच्या तीन महिने आधी दोघे घरी आले. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग स्टोअरकीपर भाऊजी खाली बघत म्हणाले, “शेवटचं गाणं यंदा राहू दे म्हणतोय. दुसरं काहीतरी बसवू.”

“हो, हो. बसवा की,” हे म्हणाले आणि मांडीवरची काठी सरळ करू लागले. ती सरळच होती.

मला ते बघवलं नाही. तोंडून निघून गेलं, “का राहू दे? मी वाजवते.”

“वहिनी, तुम्ही?” ठोक्या ओरडला. तो नेहमी ओरडूनच बोलतो.

“मी काही सोफा शिवायचं शिकून जन्माला आले नव्हते,” मी म्हटलं.

लिक कुठे लिहिलेली नव्हती. एकच रेकॉर्डिंग निघालं, आणि त्यात ड्रम सोडून ऐकू येतं ते फक्त कुणाचं तरी खोकणं. आधी आम्ही दोघांनी मिळून वाजवून पाहिलं, माझा डावा हात आणि ह्यांचा उजवा. दोन दिवसांत इतकी भांडणं झाली की तो नाद सोडला. मग हे तोंडाने म्हणायला लागले आणि मी ऐकून तारेवर शोधायला लागले. टँ, डा, डा, डाऽऊं. रोज सकाळी मी वर्कशॉपला जायच्या आधी तासभर. मी चुकले की हे डोळे मिटून घ्यायचे, मग माझाही पारा चढायचा. पण मला येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ह्यांना पटायला तेवढा वेळ लागला.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अकराच्या अकरा सूर जागेवर पडले. ह्यांनी उजव्या हाताने मांडीवर थाप मारली, मग परत एकदा मारली.

रविवारी दुपारी ठोक्याच्या गॅरेजमध्ये तालीम होती. हे दाराशी खुर्चीत बसले. गाणं सुरू झालं, माझी जागा आली, मी वाजवायला लागले आणि ठोक्याचा ठेका गडबडला.

“वहिनी, मध्येच थांबलात तुम्ही!”

“कुठे?”

“चौथ्या सुरानंतर. तिथे थांबा नाहीये. एका दमात जायचं सगळं.”

“आहे थांबा. ह्यांनीच शिकवलंय, विचारा त्यांना.”

मी वळून बघितलं. ह्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात म्हणून बघत होते. टँ, डा, डा, डाऽऊं. मग थांबले, श्वास घेतला, आणि आपण श्वास घेतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

माझ्याही आलं. तीन महिने मी ह्यांचं दम लागणंसुद्धा लिकचा भाग समजून पाठ केलं होतं. फार वाईट वाटलं. हात गेला तरी निदान तोंडात लिक शाबूत आहे, अशी ह्यांची समजूत होती.

“ठोक्या बरोबर सांगतोय,” हे सावकाश म्हणाले. “एका दमात आहे ती.”

मी न थांबता वाजवून दाखवली, पहिल्याच खेपेला. ठोक्याने स्टिक हवेत उडवली. “हीच! अगदी हीच!” स्टोअरकीपर भाऊजींनी चष्मा काढून पुसला. हेही हसले, मान डोलावली. पण ह्यांचे ओठ चौथ्या सुरापर्यंत माझ्याबरोबर आले होते आणि मग मागे राहिले होते. मी बघितलं ते.

“भाऊजी,” मी ठोक्याला म्हटलं, “मी थांबूनच वाजवणार.”

“अहो, पण मूळ लिक...”

“मूळ ज्यांची आहे ते तिथे श्वास घेतात. तेव्हा आपण सगळ्यांनी थांबायचं. तुम्हीसुद्धा.”

“अगं, राहू दे,” हे म्हणाले. “लोक म्हणतील, चुकली.”

“म्हणू देत. तुम्हाला मागे टाकून मी वाजवणार नाही.”

ठोक्याने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, “किती मात्रा थांबायचं?”

“मोजू नका. ह्यांच्याकडे बघा.”

मेळाव्याच्या दिवशी कँटीन खचाखच भरलं होतं. हे पहिल्या रांगेत होते, काठी मांडीवर आडवी. कँटीनवाला पातेलं घेऊन दारात आला. चौथा सूर मी वर ढकलला, नेमक्या जागी पोचवला आणि थांबले. ठोक्याच्या स्टिक हवेत तशाच राहिल्या. बेसही थांबला. मागच्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं.

ह्यांनी श्वास घेतला. सावकाश, खांदे वर येईपर्यंत. मग मान हलवली, आणि आम्ही दोघं पुढच्या सुरावर गेलो.