चुकीच्या दरीतल्या बाभळी

नुवैरानकाकांची एक कविता आमच्या तंबूतंबूत पाठ. रिम्थच्या दरीत, बाभळींच्या सावलीत ती बसायची, अशी. रहाफ, झाडांच्या डॉक्टरीणबाई, असल्या जुन्या कवितांवरून मेलेल्या झाडांच्या जागा शोधायच्या. आमच्याकडची शेवटची बाभळ वाळली, तेव्हा तिच्या बियांची रोपं बाईंनी काकांच्या शब्दावर रिम्थमध्ये लावायला घेतली. मी दुघैम, टँकरवाला. मी पाणी घालायचो, रोपं त्या खारट मातीत माना टाकायची.

"काका, तुमची ती तिथं बसून मीठ चाटायची काय हो?"

एरवी काका मला चप्पल फेकून मारायचे. आता नुसते बघायचे.

लावायची चारच रोपं उरली तेव्हा फिद्दाआजी आली, बरोबर दोन धिप्पाड मुलगे. बाई आणि मी काकांच्या तंबूतच होतो. काकांनी कॉफी ओतली. आजीनं पेला तोंडाला न लावता समोर ठेवला. म्हणजे आमच्यात, मागणं आहे, दिलंस तर पिईन.

"बोल, फिद्दा."

"या डॉक्टरीण पोरीला खरी दरी सांग. बाभळी सुवैदात होत्या."

आमचे कवी आवडतीचा ठिकाणा कधी खरा सांगत नाहीत, अब्रूसाठी शेजारची दरी घालतात. पण झाडंसुद्धा तिच्याबरोबर हलवली असतील, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि सुवैदात तळ पडायचा तो एकट्या फिद्दाच्या बापाचा.

थोरल्या मुलाचा हात कमरेच्या खंजिरावर गेला.

काका हसले. "सुवैदात? तिथं काटासुद्धा नव्हता. चळलीस, म्हातारे."

"माझ्या पोरांचं मी बघते रे. तू झाडांचं बोल!"

"काका, ही शेवटची रोपं आहेत," बाई म्हणाल्या. "नक्की रिम्थच ना?"

"रिम्थच. मी काय खोटं रचीन?"

"ऐकलंत?" थोरला गुरगुरला. "आमच्या दरीत काही नव्हतं. तिकडं कुणी फिरकायचं नाही."

आजी उठली. पेला तसाच, काठोकाठ. आमच्याकडं पाहुणा असा गेला की यजमानानं तोंड लपवावं. काकांनी लपवलं नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी चारही रोपं रिम्थमध्ये लागली. मी पाणी सोडलं. ते मुरेना, खारट पांढऱ्या जमिनीवर तसंच तळं होऊन राहिलं.

"अजून घाल, दुघैम," काका म्हणाले.

टँकर रिकामा होईस्तोवर मी घालत राहिलो.