हक्क : सौ. पौर्णिमा गावंडे

मराठी कवी बायकोला आयुष्यात जे काही देतो, त्यात पुस्तकाचे हक्क सगळ्यात स्वस्त पडतात. गजेंद्र गावंडेनंही तेच दिले. पहिला कवितासंग्रह छापायला जाताना अमरावतीचे प्रकाशक केशवराव म्हणाले, "गजूभाऊ, हक्क वहिनीच्या नावानं टाकू का? सगळेच टाकतात. बरं दिसते."

"टाका," गजेंद्र म्हणाला.

अशा रीतीनं अकोल्यातल्या पाटबंधारे खात्याच्या एका वरिष्ठ लिपिकाची बायको अख्ख्या संग्रहाची मालकीण झाली. मालकिणीला हे कळवायची पद्धत नाही, म्हणून कळवलं नाही.

पौर्णिमा बार्शीटाकळीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. एमएस्सी, बीएड. पुस्तक घरी आलं तेव्हा तिनं मुखपृष्ठ पाहिलं, "छान आहे" म्हणाली, आणि सुट्ट्यांत वाचीन म्हणून कपाटात ठेवलं. गजेंद्रनं आग्रह केला नाही. कारण त्यात 'अंगठा' नावाची कविता होती.

'अंगठा'मधली बायको निरक्षर आहे. ती चुलीपुढं खोकते, नवऱ्याचं पुस्तक उलटं धरून बघते, आणि शेवटी कवी म्हणतो :

माझ्या बोटांना शब्द सुचतात,
तिच्या अंगठ्याला फक्त शाई.

या ओळींवर टाळ्या पडतात, हे गजेंद्रला पहिल्याच कविसंमेलनात समजलं. दुसऱ्यापासून तो आधी जरा थांबून, आवंढा गिळून, "ही माझ्या घरची गोष्ट आहे," असंही म्हणू लागला. बडनेऱ्यात एका बाईनं डोळे पुसत वहिनींसाठी लुगडं दिलं. घरी ते सत्कारात मिळालं म्हणून पोचलं.

आणि एक दिवस बीएच्या पाठ्यपुस्तकासाठी 'अंगठा'ची निवड झाल्याचं पत्र आलं. पाच जिल्ह्यांतली पोरं ही कविता परीक्षेत लिहिणार होती. गजेंद्रनं पत्र उभ्यानं वाचलं आणि शेवटाला येऊन खाली बसला. हक्क पत्नीच्या नावे असल्यानं परवानगी त्यांचीच लागेल, असं संपादक प्रा. तायडे यांनी लिहिलं होतं. पुढं म्हटलं होतं, 'वहिनींचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा. एक स्पष्ट ठसा वेगळ्या कागदावरही पाठवावा. कवितेशेजारी छापण्याचा मानस आहे.'

त्यानं केशवरावांना फोन लावला.

"अभिनंदन!" केशवराव म्हणाले. "अडचण काय आहे मंग?"

"हक्क खरंच तिचे आहेत का हो?"

"नाही ना बापा. कविता लिहिली तवाच हक्क तुमचा झाला. नोंदणी लागत नाही, काही नाही. दुसऱ्याले द्याचा तर लेखी करार लागते, तुमच्या सहीचा. तुमी कुठं केला?"

"मग ती पुस्तकातली ओळ?"

"शोभेची आहे. तसं लिहून द्या तायडे सरांले. 'पत्नीस हक्क दिल्याचे केवळ शोभेसाठी छापले होते.' खाली सही ठोका. झालं."

गजेंद्रनं ते वाक्य कागदावर लिहून पाहिलं. कुठल्याही कोनातून ते वाईटच दिसत होतं. वर ठसा छापायची आशा संपादकांना होतीच. मग रविवारी दुपारी, पौर्णिमा भाजी आणायला गेलेली असताना, त्यानं ऑफिसातून आणलेलं स्टॅम्पपॅड उघडलं. अंगठा शेवटी अंगठाच असतो, असा त्याचा विचार होता. डावा घ्यावा की उजवा, एवढाच प्रश्न उरला होता.

"हे काय करून राहिले?"

पिशवी घेऊन पौर्णिमा दारात उभी होती. त्याचा अंगठा निळा होता, आणि कागदावर 'सौ. पौर्णिमा गावंडे, निशाणी डावा अंगठा' असं त्याच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं.

तिनं पत्र वाचलं. मग कपाटातून पुस्तक काढून कविता वाचली. उभ्यानंच. गजेंद्रला एवढा शांत श्रोता आजवर मिळाला नव्हता.

"चूल कुठं आहे आपल्याकडं?" तिनं विचारलं.

"ते प्रतीक आहे."

"आन् मी?"

त्यानं निळा अंगठा मुठीत लपवला.

"म्हणजे ते लुगडं..." ती म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं. "लावा फोन त्या सरांले. म्हणा, हक्कवाली बोलते."

त्यानं निळ्या अंगठ्यानं नंबर लावला. स्पीकर तिनंच चालू केला. प्रा. तायडे फार प्रेमानं, फार सावकाश आणि जरा मोठ्यानं बोलू लागले, "वहिनी, घाबरू नका. यांनी तुमच्यावर कविता लिहिली आहे. ऐकवली का तुम्हाला?"

"मी वाचली, सर. पत्रही वाचलं. सही कुठं करायची तेवढं सांगा. शाळेचा शिक्का लागेल का? मी मुख्याध्यापिका आहे."

मग प्राध्यापकांनी आवाज एकदम खाली आणला. "गावंडे, माफ करा, मला कल्पना नव्हती. पहिल्या वहिनी कधी गेल्या?"

पौर्णिमानं फोन त्याच्यापुढं धरला. नुसतं "बरीच वर्षं झाली" म्हटलं असतं तरी कविता पाठ्यपुस्तकात होती. गजेंद्रनं तोंड उघडलं, तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं काय निघणार आहे.

"पहिली कोणी नाही, सर. हीच आहे. अंगठा मी रचला."

"असं होय," प्रा. तायडे म्हणाले. "कवितेत तसं चालतं म्हणा. पण प्रत्येक संमेलनात तुम्ही घरची गोष्ट म्हणून सांगता, आणि आमच्या त्या विभागाचं नाव आहे 'भोगलेलं जगणं'. पोरांना काय सांगू मी? राहू द्या आता. पुढच्या वेळी पाहू."

फोन बंद झाला. पौर्णिमानं पुस्तक मिटलं, पण हातातून ठेवलं नाही.

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

"कशाचं?"

प्रश्न सोपा होता. पण त्याच्या मनात सगळ्यात आधी पाठ्यपुस्तकच आलं, आणि ते आलेलं तिला त्याच्या तोंडावर दिसलं. दुसरं उत्तर जुळवेपर्यंत ती पुस्तक घेऊन आत गेली होती, आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली होती.