घरी जायची भीती

मी एक जुने, बुटके स्टूल आहे. सुताराने मला मुद्दामच बुटके केले, कारण मुलांच्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी तसे मागितले होते. आजारी मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे मन कसे सांभाळायचे, हे बाई नव्या डॉक्टरांना शिकवत. "आधी खाली बसा, मग तोंड उघडा," असे त्या म्हणत.

मित्रांनो, माझ्यावर बसणाऱ्यांचे पाय थरथरत. ती थरथर माझ्या लाकडात उतरे.

एकदा सात वर्षांची छकुली दाखल झाली. तिचे मूत्रपिंड आजारी होते. औषध लागू पडत होते, पण अचानक तिने खाणेच सोडले. खाटेची कड घट्ट धरून ती दाराकडे बघत राही. कोणी आत आले की अंगाचे मुटकुळे करी. तिच्या आईचा जीव टांगणीला लागला.

एक नवी डॉक्टर माझ्यावर बसली. मोठ्या बाई मागे उभ्या राहिल्या.

"छकुले, कशाची भीती वाटते?"

छकुलीने तोंड भिंतीकडे फिरवले. डॉक्टरच्या टाचा फरशीवर वाजू लागल्या, पण ती उठली नाही.

शेवटी छकुली पुटपुटली, "मला घरी पाठवू नका."

"का गं?"

"शेजारचा दादा घरी गेला, असं आई म्हणाली. पण त्याच्या चपला खाटेखालीच होत्या. त्याची आई रडत होती. आता तुम्ही म्हणता, मी पण घरी जाणार."

शेजारच्या खाटेवरचा मुलगा दगावला होता. छकुलीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या बाईंनी तिला हात धरून खाटेवर बसवले.

"मी खोटं बोलले, बाळा," आई म्हणाली. "दादा वारला. तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"मग मी?"

डॉक्टर पुढे वाकली. "त्याचा आजार वेगळा होता. तुझं औषध लागू पडतंय. आणि काही बिघडलंच, तर मी तुला खरं सांगेन."

छकुली आईला बिलगून खूप रडली. मग तिने दूध मागितले.

काही दिवसांनी ती आपल्या पायांनी चालत निघाली. तरी दारात थबकून तिने आईला विचारलेच, "आपल्याच घरी ना?"

आता माझा एक पाय निखळला आहे आणि मी अडगळीच्या खोलीत पडून आहे. मित्रांनो, मोठी माणसेही घाबरतात आणि घाबरली की गोड खोटे बोलतात. शंका आली तर पोटात ठेवू नका, विचारा. आणि मी कुठे दिसलेच, तर माझा पाय तेवढा पक्का करा. माझ्यावर बसून अजून पुष्कळ जणांना शिकायचे आहे.