बगळ्यांचा सतरावा सामना

त्या मोसमात टोलेडोचे बगळे अमेरिकन फुटबॉलचे ओळीनं सोळा सामने हरले, आणि सोळावा हरल्यावर शहराला कसलीशी गुंगीच चढली. रडणारे सप्टेंबरात रडून मोकळे झाले, शिव्या घालणारे ऑक्टोबरात दमले. पुढे पुढे रविवार यायचा तोच झोपेतून आल्यासारखा. स्वप्नात आपण जीव खाऊन पळतो आणि पाय जागचा हलत नाही, तशी ती दांडगी पोरं निळे सदरे घालून मैदानात पळायची. चेंडू हातात यायचा, हातातून निसटायचा, आणि साठ हजार माणसं एकदम सुस्कारा सोडायची. शहराशेजारच्या सरोवरावरचं धुकं त्या सुस्काऱ्यांचंच झालंय, असं वाटावं.

इर्मा होर्वाथ मात्र जागी होती. एक्केचाळीस वर्षं तिची तीच जागा, बाविसाव्या ओळीत, पायऱ्यांच्या कडेला. तिथून तिची जीभ चाले. शेजारचा ड्वाइट नळदुरुस्ती करणारा माणूस, साठीचा. लाजेनं त्यानं दहाव्या पराभवापासून डोक्यावर वाणसामानाची कागदी पिशवी घालायला सुरुवात केली होती, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून.

"काढ ती," इर्मा म्हणायची. "तुझं तोंड त्यांच्या खेळापेक्षा वाईट नाही."

यंदा तिच्या जिभेला एक अडचण होती. बगळ्यांनी चेंडूला लाथ मारणारे दोन किकर हाकलले आणि तिसरा आणला तो एमरी, तिच्या लेकीचा लेक. सत्तावीस वर्षांचा. लेक लवकर गेली, म्हणून पोर हिनंच वाढवलं. त्याची नोकरी आठवड्याच्या बोलीवर होती. चेंडू दोन खांबांमधून गेला तर पुढचा आठवडा आहे, नाही गेला तर सामान उचल. आणि हरलेल्या संघानं हाकललेल्या किकरला दुसरीकडे कोण उभं करतं?

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, संघाच्या मुक्कामाला हॉटेलात जाण्याआधी, तो तिच्याकडे जेवायला आला. तिनं पाप्रिकाचं लाल तिखट घातलेली कोंबडी केली होती. वाढता वाढता ती बोलत होती, तिचं तोंड कधी रिकामं नसेच.

"उद्या हरलो की सगळ्यांत शेवटचा नंबर आपला. म्हणजे कॉलेजातल्या नव्या पोरांमधून पहिली निवड आपली. तो नेब्रास्काचा चेंडू फेकणारा पोरगा येईल. दहा वर्षांचं भलं होईल. उगाच मध्येच जिंकून घाण करू नका. तुझ्यावर वेळ आली, तर चुकव सरळ."

एमरीनं काटा खाली ठेवला. "बरं, आजी."

ती रस्सा वाढायला वळली आणि बोललेलं विसरली. सगळं शहर तेच बोलत होतं, तिनं काय वेगळं बोललं?

रविवारी दुपारी बर्फ सुरू झाला. मैदानाबाहेर गाड्यांच्या पाठी उघडून लोकांनी शेगड्या पेटवल्या होत्या, सॉसेजचा धूर बर्फात मिसळत होता, आणि माणसं त्या धुरातून तरंगत असल्यासारखी चालत होती. सामना सुरू झाला तेव्हा रेषा दिसत होत्या. अर्ध्यावर येईतो त्या बुजल्या. मग निळे कुठले आणि पांढरे कुठले, तेही कळेना. पांढऱ्यात पांढरी माणसं एकमेकांवर पडत होती, आवाज न होता, कापसावर कापूस पडावा तशी. एकदा चेंडू कुणाच्या हातून सुटला आणि चेंडू सोडून सगळे दुसरंच काहीतरी शोधायला लागले.

"नाचता येईना अंगण वाकडं," इर्मा म्हणाली. "आज अंगणही नाही बघा."

आणि तशातच बगळे चुकून खेळायला लागले. तीन सेकंद उरले तेव्हा पाहुण्यांचे नऊ, यांचे सात. बेचाळीस यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, की तीन गुण.

एमरी मैदानात आला.

पिशवीतून ड्वाइट ओरडला, "चुकव, बाबा! पाया पडतो!" वरच्या ओळीनं उचललं, मग सगळ्या बाजूंनी. आपल्याच किकरला आपलीच साठ हजार माणसं एका सुरात सांगत होती, चुकव, चुकव. अंगाई म्हणावी तसा तो सूर बर्फातून खाली येत होता.

खाली त्याच्याच संघातले चार दांडगे पुरुष बुटांनी बर्फ खरवडून एमरीसाठी परातीएवढं गवत मोकळं करत होते. केवढ्या मायेनं! त्यांना नेब्रास्काचा कोणी नको होता. त्यांना आजचा एक सामना हवा होता. एमरी दोन पावलं मागं सरला, बाजूला झाला, मान खाली घालून उभा राहिला.

ती खाली घातलेली मान बघून इर्माला त्याचं कालचं बोलणं आठवलं. बरं, आजी. हे पोर नऊ वर्षांचं असताना तिनं सांगितलं होतं, मी येईतो चर्चच्या फाटकापाशी थांब. ती गप्पांत रमली, आणि गारांच्या पावसात ते दोन तास तिथंच उभं राहिलं. बाकीची साठ हजार ओरडू देत, त्यांचं तो काय ऐकतो. पण हिचं त्यानं ऐकलं होतं.

ती बाकावर चढली. शहात्तराव्या वर्षी, बर्फात घालायच्या जाड बुटांनिशी.

"मार रे!" ती ओरडली. "मार, एमरी! मी बोलले ते चुलीत घाल!"

"इर्माबाई, पडाल!"

"पडू दे! मार!"

तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. खाली पाय फिरला. चेंडू पांढऱ्यात गेला तो गेलाच, कुणालाच दिसला नाही. खांबांखाली उभे असलेले दोन पंच वर बघत राहिले, किती वेळ कोण जाणे, आणि मग दोघांनी सावकाश दोन्ही हात वर केले.

बगळे जिंकले. लोकांनी हुर्यो उडवली.

ड्वाइटनं पिशवी काढली. खाली त्याचं तोंड भिजलेलं होतं. "तुमच्या नातवानं बुडवलं आम्हाला, इर्माबाई. दहा वर्षं बुडवलं."

"बुडायला आधी वर असावं लागतं," इर्मा म्हणाली, आणि जिना उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. माझा शब्द मोडला त्यानं! आयुष्यात पहिल्यांदा मोडला, आणि मोडायचा तेव्हाच मोडला. एवढा अभिमान तिला तो बारा पौंडांचा जन्मला तेव्हाही वाटला नव्हता.

गाड्या निघून गेल्यावर एमरी बाहेर आला. केस ओले, खांद्यावर थैली. तिच्याजवळ येऊन त्यानं थैली खाली ठेवली.

"आजी, मी चुकवायलाच मारला होता," तो म्हणाला. "डाव्या खांबाच्या चांगला बाहेर. वाऱ्यानं आत ओढला." मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू एक काम सांगितलंस, तेही धड झालं नाही माझ्याच्यानं. आत सगळे मला मिठ्या मारत होते. मला तोंड लपवावंसं वाटत होतं."

इर्माचा अभिमान पायाखालच्या चिखलात गेला. वारा तिनं पाहिला होता. खांबांच्या टोकांच्या नारिंगी फिती दुपारभर ताणलेल्या होत्या, कुणीतरी दोरीनं ओढाव्यात तशा.

"कसला वारा?" ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं बसतेय मी तिथं. फिती मेलेल्या माशासारख्या लोंबत होत्या. पायानं तुझं ऐकलं नाही, माझंही ऐकलं नाही. पाय तेवढा शहाणा निघाला घरात."

एमरीनं मान वर केली. दिव्यांच्या उजेडात त्या दोघांच्या मधून बर्फ उडत होता, आडवा, सरोवराकडून शहराकडे, नदी वाहावी तसा. तो त्या बर्फाकडे बघत राहिला. तीही बघत राहिली.

"अजिबात नव्हता वारा?" त्यानं विचारलं.

"मी सांगतेय ना," इर्मा म्हणाली, आणि उडून चाललेला रुमाल तिनं एका हातानं डोक्यावर घट्ट दाबून धरला.